टपालाने आलेली पूड

त्या दिवसाची हकीकत मला आजही पहिल्या फोनपासून क्रमवार सांगता येते. २००३ सालचा फेब्रुवारी महिना. टेक्सासात थंडी म्हणजे दोन दिवसांची पाहुणी, पण त्या आठवड्यात रस्त्यांवर बर्फाचा पातळ थर बसला होता आणि आमच्या ठाण्यातली निम्मी माणसं घसरलेल्या गाड्यांच्या मागे होती. दुपारी बाराच्या सुमारास निरोप आला की अर्विंगमधल्या एका अपार्टमेंटमध्ये एक तरुण बाई बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडली आहे. फोन नवऱ्याने केला होता. ड्यूटीवरच्या सार्जंटने आडनाव वाचलं आणि कागद माझ्या टेबलावर सरकवला. 'ही तुझी,' तो म्हणाला.

माझी म्हणजे मराठी. मी बारा वर्षांचा असताना वडिलांबरोबर अकोल्याहून इकडे आलो. पुढे पोलिसात शिरलो, तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं वातावरण होतं, कारण आमच्यातली मुलं डॉक्टर होतात, इंजिनिअर होतात, हातकड्या घेऊन हिंडत नाहीत. खात्यात बरीच वर्षं माझ्या मराठीचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. मग पुण्या-मुंबईची, नागपूरची सॉफ्टवेअरवाली मुलं थव्याने आली आणि मी अचानक कामाचा माणूस झालो.

बाई अठ्ठावीस वर्षांची होती. टबमध्ये वीतभर पाणी साठलेलं, त्यात कलंडलेली बादली, तांब्या आणि बसायचं छोटं स्टूल. नळ बारीक चालूच होता आणि टबचं भोक केसांनी तुंबलं होतं. माझा जोडीदार टेक्सासचाच, उंचापुरा, शिस्तीचा, कमी बोलणारा. त्याने बादलीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, टब असताना बादली कशाला? त्याला तो कोणीतरी रचलेला देखावा वाटला. आमची माणसं टबात बादली ठेवूनच अंघोळ करतात हे मी त्याला समजावलं. त्याने ते वहीत लिहून घेतलं, पण त्याला पटल्याचं दिसलं नाही.

बाईच्या कानशिलावर काळंनिळं झालं होतं. दंडावर दोन डाग होते. जीभ दातांखाली चावली गेली होती. शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मृत्यू बुडून झाला आहे. डाग पडल्यामुळे असू शकतात, कोणी दाबून धरल्यामुळेही असू शकतात. जीभ चावली आहे म्हणजे आकडी आली असेल, पण तिला पूर्वी कधी आकडी येत असल्याचा पुरावा आणा, तरच मी तसं लिहीन. आम्ही शोधलं. तीन वर्षांत ती एकदा सर्दीसाठी डॉक्टरकडे गेली होती. घरात औषध म्हणून डोक्याला लावायच्या बामची एक बाटली सापडली, बाकी काही नाही.

राहता राहिला नवरा. पुण्याचा मुलगा, एकतीस वर्षांचा, एका कंपनीत प्रोग्रामर, कामाच्या व्हिसावर आलेला. त्याला ठाण्यावर आणलं, गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क वाचून दाखवला. त्याने वकील मागितला नाही. माझा अनुभव असा, की निर्दोष माणूस सहसा वकील मागत नाही, कारण वकील मागणं ही त्याला कबुलीच वाटते. पण बनेल माणसालाही हे ठाऊक असतं, त्यामुळे या अनुभवाचा उपयोग शून्य.

'आदल्या रात्री भांडण झालं होतं?' मी विचारलं.

'नाही सर.'

'शेजारीण म्हणते, आवाज येत होता.'

'भांडण नाही सर. ड्रायव्हिंगवरून बोललो तिला. तीन वर्षं झाली, लायसन्स काढ म्हणून मागे लागलोय. सगळ्यांच्या बायका ड्राइव्ह करतात यार, हिला ग्रोसरीलासुद्धा मीच न्यायचं. मी टेस्टची अपॉइंटमेंट घेतली होती. तिने मला न विचारता कॅन्सल केली. म्हणून आवाज चढला माझा.'

'हात उचललास?'

'नाही.'

'मग हे सकाळी विचारलं तेव्हा का लपवलंस?'

'लाज वाटली, काका,' तो म्हणाला आणि लगेच सावरून 'सर' म्हणाला.

त्या 'काका'ने मी हललो. आणि हललो याचाच मला राग आला, म्हणून पुढचे दोन तास त्याला जरा जास्तच पिळून काढलं. हे मी अभिमानाने सांगत नाही. एकच प्रश्न दहा वेळा विचारला, तिचे फोटो समोर मांडले, तू रडत का नाहीस असंही विचारलं. तो शेवटी रडला, तेव्हा माझ्या जोडीदाराने काचेपलीकडे वहीत तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी नागपूरला तिच्या आईवडिलांना फोन लावला. वडील बोलण्याच्या स्थितीत नव्हते. आई बोलली. 'माझी पोर ठणठणीत होती, साहेब. कधी साधं डोकं दुखलं नाही तिचं. ड्रायव्हिंगवरून छळायचा तो तिला, मला फोनवर रडून सांगायची. त्यानेच घात केला.' आठवड्यात तसं लेखी निवेदनही आलं. त्याला आम्ही अटक केली नव्हती, पण पासपोर्ट ठेवून घेतला होता. कंपनीने त्याला प्रोजेक्टवरून काढलं, आणि ज्याला काम नाही त्याचा व्हिसाही फार दिवस टिकत नाही. तिचं दहन त्याने डॅलसला एकट्याने केलं. अस्थी कपड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या होत्या. भारतात न्यायच्या तर पासपोर्ट आमच्याकडे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसं त्याचं चाललं होतं आणि तो मार देणारा मी होतो.

नवव्या दिवशी ठाण्यावर फोन आला. एका अनोळखी बाईने मोडक्या इंग्रजीत विचारलं, तो मराठी बोलणारा पोलीस आहे का? मी बोललो तर म्हणाली, फोनवर नको, इंडियन किराणा दुकानात या, पिठाच्या पोत्यांकडे.

ती साठीची मावशी होती. मुलीकडे राहायची आणि त्याच संकुलातल्या एकट्या मुलांना पोळीभाजीचे डबे करून द्यायची. मला बघून तिने आधी इकडेतिकडे पाहिलं.

'त्या पोराला सोडा,' ती म्हणाली. 'त्याने काही केलेलं नाही. तिला फिट यायच्या, लहानपणापासून.'

'नवरा तर नाही म्हणतो.'

'त्याला माहीतच नाही. लग्नात सांगितलं नव्हतं तिच्या माहेरच्यांनी. आई नागपूरहून गोळ्या पाठवायची, मेतकुटाच्या पाकिटात घालून. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर. गोळ्या चालू असल्या की फिट येत नसे, पण जीव सारखा टांगलेला. म्हणून तर गाडी शिकत नव्हती ती. कुणाच्या अंगावर घातली तर काय, म्हणायची.'

'मग आता कशी आली फिट?'

मावशीने पिशवीतून दोन पत्र्याचे गोल डबे काढले. एकात तळाशी मातकट रंगाची पूड होती, दुसरा रिकामा. 'मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी तिला एक पत्रक दिलं. टपालाने औषध येतं. घरी नवरा टपाल बघतो, म्हणून माझ्या पत्त्यावर मागवलं, डबेही माझ्याकडेच ठेवायची. डिसेंबरात तिने जुन्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या, माझ्यासमोर. मी म्हटलं, अगं, चार तरी ठेव. म्हणाली, मावशी, ठेवल्या तर गुण येत नाही असं लिहिलंय त्यात.' मग तिने पदर तोंडाला लावला. 'मीच रोज पुडी नेऊन द्यायची हो तिला. या हाताने.'

मावशीने दाखवलेलं ते पत्रक अजून डोळ्यांसमोर आहे. सुवाच्य मराठी, हाताने लिहून झेरॉक्स काढलेली. 'घरबसल्या उपचार.' खाली चाळीस प्रश्न: झोप कशी, स्वप्नं कशी, घरात कुणाला हाच विकार होता का, मनात कसलं भय आहे का. उत्तरं रोग्याने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावीत. पत्र दुसरं कोणी वाचणार नाही. औषध साध्या वेष्टनात येईल, वरून कुणाला काही कळणार नाही. डबा संपला की परत पाठवावा, भरून मिळेल. पथ्य म्हणून आंबट वर्ज्य. आणि ठळक अक्षरांत: इतर सर्व औषधे पहिल्या दिवसापासून बंद करावीत, अन्यथा गुण येणार नाही. नाव कुठेही नाही. पत्ता म्हणून शेजारच्या गावातल्या एका दुकानातली भाड्याची टपालपेटी.

मी हे सगळं सरकारी वकिलांपुढे मांडलं. ते म्हणाले, मावशी जे सांगतात ते ऐकीव आहे, आणि मुलीची सख्खी आई लेखी उलट सांगते आहे. मृत बाईच्या स्वतःच्या हातचं काही आणा. म्हणजे तिने त्या चाळीस प्रश्नांना लिहिलेली उत्तरं. ती पत्रं सापडली तर मुलगा सुटला. त्या माणसाने ती जाळली तर मुलाचं काय होईल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

टपाल खात्याचा तपासनीस बरोबर घेतला. पेटी ज्याच्या नावावर होती तो तरुण वर्षापूर्वीच भारतात परत गेला होता, पेटी वापरणारा कोणी दुसराच होता. ठरलं असं की मृत बाईचा रिकामा डबा नेहमीप्रमाणे भरायला पाठवायचा, आणि जो न्यायला येईल त्याच्या मागे घरापर्यंत जायचं. पूड असलेला डबा प्रयोगशाळेत गेला. दुसरा मी घेतला. आत बोटांचे ठसे उमटवणारी भुकटी लागली होती, म्हणून मीच तो ठाण्याच्या मोरीत धुतला, कोरडा पुसला, कागदात गुंडाळला आणि टपालात टाकला. इतकं नीटनेटकं काम मी क्वचितच केलं असेल.

टपाल अपेक्षेपेक्षा एक दिवस आधी पोचलं. आम्ही मंगळवारी सकाळी दुकानासमोर गाडी लावली, तोवर डबा सोमवारीच गेला होता. हरकत नाही, भरलेला डबा पाठवायला, नवीन पत्रं न्यायला तो येईलच, असं म्हणून आम्ही बसलो. अठरा दिवस बसलो. कॉफी पिऊन पित्त झालं, जोडीदाराने त्याच्या तिन्ही मुलांचा जन्मापासूनचा इतिहास सांगून संपवला. पेटी पत्रांनी भरत गेली. कोणी आलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी मी आत गेलो आणि काउंटरवरच्या मुलीशी सरळ बोललो. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. ती हसून म्हणाली, हो, एक म्हातारे गृहस्थ येतात, फार गोड आहेत. त्यांना डब्यांतून खाऊ येतो आणि ते आम्हाला वाटतात. कधी तिखट पोह्यांचं काहीतरी, कधी लाडू. 'गेल्या वेळी मात्र त्यांनी डबा इथेच उघडला, आत बघितलं आणि झाकण लावलं. मग मला विचारलं, माझ्याबद्दल विचारायला कोणी आलं होतं का.'

मी तिथेच कपाळाला हात लावला. माझी आई इतकी वर्षं या देशात राहिली, पण शेजारच्या अमेरिकन बाईने केक पाठवला की ती ताटली परत देताना त्यावर निदान चार दाणे साखर तरी ठेवायची. रिकामं भांडं परत करू नये, एवढं आपल्याकडे शाळेत न गेलेल्या बाईलाही कळतं. ज्या बायका त्या माणसाला दुखणी लिहून पाठवत होत्या, त्या डबाही रिकामा पाठवत नव्हत्या. आणि मी, खात्यातला एकमेव मराठी, तो लखलखीत धुऊन पाठवला. हात दाखवून अवलक्षण.

निघताना त्या मुलीला विचारलं, ते कोणत्या गाडीने येतात? ती म्हणाली, चालत येतात. टेक्सासात माणूस चालत येतो म्हणजे तो जवळच राहतो आणि त्याला गाडी येत नाही, म्हणजे मुलाकडे राहायला आलेला बाप. दुकानामागे एकच मोठी वसाहत होती, मध्ये तळं, भोवती फरसबंदी वाट. संध्याकाळी पाचला मी साध्या कपड्यांत तिथे गेलो. आमची आईबापं मुलं ऑफिसातून यायच्या आत तिथे फेऱ्या मारत होती, साडीवर स्वेटर, पायात नातवंडांचे जुने बूट. चार म्हातारे बाकावर बसले होते. मी शेजारी टेकलो, गुडघा चोळला आणि म्हटलं, 'काका, गुडघ्यासाठी इथे कोणी औषध देतं का?'

एकाने लगेच शेवटच्या माणसाकडे हात केला. 'हे काय, इथेच बसलेत.'

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. शेवटच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. बारीक अंगाचा, सत्तरीकडे झुकलेला, स्वच्छ दाढी केलेला. त्याने माझ्या गुडघ्याबद्दल काही विचारलं नाही. 'चला घरी,' तो म्हणाला. 'सूनबाई यायच्या आत.'

घरात जाऊन मी ओळखपत्र दाखवलं, त्याचे हक्क वाचून दाखवले. त्याने मान हलवली आणि आपण होऊन खोलीचं कपाट उघडलं. रिकाम्या डब्यांची चळत, चाळणी, वजनाचा छोटा काटा. साताऱ्याकडच्या एका दवाखान्यात बत्तीस वर्षं कंपाउंडर होतो, असं त्याने सांगितलं. इथे आल्यावर दिवस जाईना. मंडळात कोणी पोटाची तक्रार सांगे, कोणी झोपेची, हा काहीतरी सुचवी. मग एका गोऱ्या माणसाच्या घरापुढे जुन्या वस्तूंच्या विक्रीत त्याला एक पुस्तक मिळालं.

पुस्तक त्याने माझ्या हातात दिलं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, फुटक्या पाठीचं. तेव्हा इकडे आणि विलायतेत टपालाने वैद्यकी चालवणारे पुष्कळ होते. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, प्रश्नांची यादी पाठवायची, लोक लाजेपायी गावच्या डॉक्टरला जे सांगत नसत ते अनोळखी माणसाला लिहून कळवत, आणि साध्या वेष्टनातून बाटली घरी येई. पुस्तकात चाळीस प्रश्न जसेच्या तसे होते. बऱ्या झालेल्यांची आभारपत्रं होती, कोट घातलेल्या डॉक्टरचं चित्र होतं. आणि ते वाक्यही होतं, इतर सर्व औषधे बंद करावीत.

'मी स्वतःच्या मनाचं काहीच घातलं नाही,' म्हातारा म्हणाला. 'नीट भाषांतर केलं. पूड तर घरचीच, जिरं, ज्येष्ठमध, खडीसाखर. लहान पोराने खाल्ली तरी काही होणार नाही.'

ते खरं होतं. प्रयोगशाळेचा अहवालही तेच सांगत होता. नंतर डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं की त्या काळात डॉक्टर पारा आणि अफू सर्रास देत, त्यामुळे इतर औषधे बंद करा हा सल्ला पाळून कित्येकजण जगलेही असतील. तो काळ गेला, औषधं बदलली, वाक्य तेवढं मागे राहिलं आणि आमच्या माणसाने ते शुद्ध मराठीत आणलं.

'जी गेली ती कोण, तुम्हाला कळलं का?' मी विचारलं.

'डबा बघून कळलं,' तो म्हणाला. 'तिच्या डब्यात तिळाची वडी असायची, कधी शेव. या वेळी डबा धुतलेला आला. माझ्या मनात आलं, ही गेली. घरच्या कुणीतरी पाठवलाय.' त्याने चष्मा काढला. 'फिटनेच ना?'

'अंघोळ करताना.'

तो पलंगावर बसला. 'मी चार-चार पानं लिहायचो हो प्रत्येकाला. इथल्या डॉक्टरकडे जा, तो दहा मिनिटं बघतो, तेही इंग्रजीत. या बायकांना कोणी विचारतच नव्हतं. मी विचारायचो.' मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं, पण ओरडता आलं नाही. तो खोटं बोलत नव्हता, आणि त्यानेच तिला मारलं होतं.

'पत्रं कुठे आहेत?'

त्याने गच्चीतली मांस भाजायची शेगडी दाखवली. तिच्यात राख होती. भीतीने त्याने चार दिवस बसून सगळे गठ्ठे जाळले होते. मला पुण्याचा तो मुलगा आणि कपाटातल्या वरच्या फळीवरच्या अस्थी दिसू लागल्या. जोडीदाराला फोन करायला खिशात हात घातला, तेवढ्यात म्हातारा म्हणाला, 'ज्यांना उत्तर द्यायचं राहिलंय ती नाही जाळली. उत्तर न देता पत्र कसं जाळायचं?'

उशीखाली चौदा लिफाफे होते. तो आलेल्या क्रमाने उत्तरं द्यायचा, त्यामुळे एकेकाला तीन-चार आठवडे थांबावं लागायचं. सहावा लिफाफा तिचा होता, मरणाच्या आठ दिवस आधीचा. निळ्या शाईत, शाळकरी टपोऱ्या अक्षरात. त्यातला मजकूर मी कोर्टासाठी इंग्रजीत उतरवला, म्हणून पाठ आहे. 'सातव्या वर्षापासून फिट येत होत्या, पण तुमच्या औषधाने दोन महिन्यांत एकदाही आली नाही. हे ड्रायव्हिंगसाठी मागे लागले आहेत. आता शिकू का? तुमचं उत्तर येईपर्यंत मी टेस्ट पुढे ढकलते आहे. ह्यांना अजून काही माहीत नाही. पूर्ण बरी झाले की एकदा बसवून सगळं सांगणार आहे.'

बाकीच्या तेरा जणांना त्याच दिवसापासून मी स्वतः फोन लावले, बंद केलेलं औषध आजच सुरू करा एवढंच सांगितलं. म्हाताऱ्यावर परवान्याशिवाय वैद्यकी आणि टपालाने फसवणूक एवढेच आरोप टिकले, कारण जिरं आणि खडीसाखर हा कुठल्याच कायद्याने विषप्रयोग होत नाही. त्याने गुन्हा कबूल केला. वय बघून शिक्षा स्थगित झाली आणि मुलाने त्याला भारतात पाठवून दिलं.

पत्र हाती आल्यावर मी पुन्हा नागपूरला फोन लावला आणि तिच्या आईला ते वाचून दाखवलं.

'काकू, तुम्हीच गोळ्या पाठवत होतात,' मी म्हटलं.

'हो.'

'म्हणजे जावयाने काही केलं नाही हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून कळत होतं.'

'मला वाटलं, गोळ्या तर चालू आहेत, मग फिट कशी येईल...' ती थांबली. 'आणि कळत होतंच म्हणा. धाकटीची बोलणी चालू आहेत, साहेब. एका घरात एक अशी निघाली की दुसरीला कोणी करत नाही. ती तर गेली. ही अजून आहे. एवढं लिहून घेऊ नका, पाया पडते तुमच्या.'

मी लिहून घेतलं. माझं कामच ते होतं. रागही आला होता, आणि त्या रागात तिच्या 'ही अजून आहे'चं काय करायचं ते कळत नव्हतं.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी अहवाल बदलला आणि मी मुलाला बोलावलं. तोवर त्याची नोकरी गेली होती, परतीचं तिकीट काढलेलं होतं. मी पासपोर्ट पुढे ठेवला, मग पत्राची प्रत. त्याने ती वाचली, पुन्हा वरून सुरुवात केली.

'टेस्ट यासाठी कॅन्सल केली होती तिने,' तो म्हणाला.

'हो.'

'मी ओरडलो तिला.'

मी त्याची माफी मागितली, पहिल्या दिवशीच्या त्या दोन तासांबद्दल. त्याने ऐकून घेतलं, पण ते त्याच्यापर्यंत पोचलं असं वाटलं नाही. मग मी त्याच्या सासूचा जबाब दाखवला. सांगितलं, याची सहीशिक्क्याची प्रत मिळते, घेऊन जा. तिकडे नातेवाईक तुला खुनी म्हणतात, हे एक पान दाखवलंस की सगळ्यांची तोंडं बंद होतील.

त्याने ते पान शेवटपर्यंत वाचलं. 'धाकटीचं ठरलं का?' त्याने विचारलं.

'माहीत नाही.'

'ती लग्नात माझ्या बुटांच्या मागे लागली होती. अकरावीत होती तेव्हा.' त्याने पान माझ्याकडे सरकवलं. 'हे नको सर. पाय घसरून पडली म्हणून सांगेन.'

'कोणी विश्वास ठेवणार नाही.'

'नाही ठेवणार,' तो म्हणाला आणि पासपोर्ट खिशात घालून उठला.

लोक मला विचारतात, इतक्या वर्षांत पोलिसाच्या नोकरीने काय शिकवलं. मी पूर्वी सांगायचो की खरं कितीही खोल पुरलं तरी वर येतं. या केसनंतर मी ते सांगणं सोडलं. खरं वर आणायचं काम आमचं, ते आम्ही करतो. पण वर आलेल्या खऱ्याची किंमत कुणी मोजायची, हे आमच्या हातात नसतं, आणि बहुधा ज्याचा काही दोष नसतो तोच ती आपण होऊन मोजतो. त्या बाईने आपलं दुखणं लपवून सगळ्यांना सांभाळलं, आईने धाकटीला सांभाळलं, आणि शेवटी त्या मुलानेही तेच केलं. त्याने जाण्यापूर्वी बायकोला किंवा सासूला दोष देणारा एक शब्द काढला नाही, हे मला त्या वेळी विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं.

त्याच संध्याकाळी मी फाइलवर 'अपघाती मृत्यू' असं लिहून सही केली. इथल्या कायद्याने तो पूर्ण निर्दोष आहे. नागपुरात त्याने बायकोला मारलं असंच अजून मानत असतील, आणि ते खोटं आहे हे तिथल्यांना पटवणारा सासूच्या जबाबाचा कागद त्याने माझ्याकडे ठेवला आहे.